गोलकीपरचा डावा डोळा

कनेरगाव नाक्यावर मी करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, कारकून होतो. पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, अलीकडे निजामाचं राज्य आणि मधे रस्त्यावर एक आडवा लाकडी दांडा. गाडी आली की थांबवायची, माल तपासायचा, दांडा वर करायचा, एवढं काम. बिऱ्हाड हिंगोलीला होतं. आठवडाभर मी नाक्यावरच्या खोलीत हातानं करून खायचो. निजामी राज्यात सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला वाशीमहून परतणारी जिनिंगची लॉरी नाक्यावर आली की मी ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला चढून बसायचो आणि दिवस मावळायच्या आत हिंगोलीत उतरायचो; शनिवारी सकाळी त्याच लॉरीनं नाक्यावर परत.

घरी बायको होती, आई होती, दोन वर्षांची मुलगी होती. तरी खरं सांगायचं तर शुक्रवारची ओढ मला त्यांच्यापेक्षा हॉकीसाठी जास्त असायची. बायकोला ते ठाऊक होतं. ती एकदाच म्हणाली होती, "मॅच नसती तं तुमी नाक्यावरच ऱ्हायले असते." मी हसण्यावारी नेलं होतं.

हिंगोलीला पूर्वी पलटण होती. ती माझ्या जन्माआधीच हलली, पण तिचं मैदान राहिलं आणि मैदानाबरोबर हॉकीही राहिली. गावात खेळणारे असतील वीस-पंचवीस, पण हॉकीवर बोलणारं अख्खं गाव. मी बोलणाऱ्यांतला. मला स्वतःला स्टिक धड धरता येत नव्हती. पण कोणता पास कुणाला द्यायला हवा होता, हे मी स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलात बसून तासभर सांगू शकायचो आणि लोक ऐकायचे.

दर हिवाळ्यात हिंगोली धरून आसपासच्या पाच गावांचे, प्रत्येकाशी दोनदा, असे आपसांत सामने व्हायचे. त्यांत पहिले दोन येतील ते परभणीला जायचे. तिथं दुसऱ्या गटातले दोन मिळून चार संघ जमायचे आणि त्यांच्यात शेवटचे सामने व्हायचे. आम्ही त्याला 'शेवटचे चार' म्हणायचो. मी पाहत होतो त्या नऊ वर्षांत हिंगोली एकदाही शेवटच्या चारात गेली नव्हती. दरवर्षी आम्ही तिसरे. एका वर्षी अगदी शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. एका वर्षी आमच्या पुढच्या फळीतल्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूचं लग्न नेमकं सामन्याच्या दिवशी निघालं आणि सासऱ्यानं मुहूर्त काही हलवला नाही. त्या सासऱ्याला गावानं पुढं कितीतरी वर्षं नावं ठेवली.

मी सांगतो आहे ते लढाई ऐन भरात होती त्या हिवाळ्यातलं. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि लॉऱ्या कोळशाच्या वायूवर चालायच्या. मागे उभी भट्टी, तिच्यात कोळसा पेटवायचा, निघेल त्या वायूवर इंजिन चालवायचं. चढ आला की गाडी धापा टाकायची. डोळ्यांत धूर, तोंडात राख. त्या लॉरीचा ड्रायव्हर हाच आमच्या संघाचा गोलकीपर होता.

तो रस्त्याच्या बाजूच्या एका तांड्यातला. उंच, हात गुडघ्यापर्यंत यावेत असे लांब. त्याचे आजे-पणजे याच वाटेनं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. तो म्हणायचा, "बैल गेले, मोटार आली. वाट तीच हाय." जिनिंगच्या शेठजींकडे तो गाडी धुवायला लागला होता आणि आपल्या हिमतीवर ड्रायव्हर झाला होता. तांड्यात मोटार चालवणारा तो एकटाच, त्यामुळे तिथं त्याला मान होता. गोलात उभा राहिला की तो वेगळाच माणूस वाटायचा. चांभाराकडून कॅनव्हासचे पॅड शिवून घेऊन त्यांत जिनिंगचाच कापूस भरलेला, डोक्याला लाल फेटा. चेंडू त्याच्या बाजूला गेला की आम्ही निवांत असायचो.

गुरुवारच्या त्या दोन तासांत आमची मैत्री जमली. मला तो 'मुनशीजी' म्हणायचा, मी त्याला अरेतुरे करायचो. नाक्यापासून हिंगोलीपर्यंत आम्ही फक्त हॉकी बोलायचो. यंदा कोण जोरात आहे, वसमतला हरवायचं तर काय करायचं, परभणीला गेलो तर राहायचं कुठं. परभणीत उतरायची जागासुद्धा आम्ही दोघांनी ठरवून ठेवली होती.

त्या वर्षी सुरुवात झकास झाली. पहिले चारही सामने आम्ही जिंकलो. हॉटेलात लोक परभणीच्या गोष्टी करायला लागले. आणि मग कळमनुरीविरुद्ध आम्ही दोन साधे गोल खाल्ले. दोन्ही डाव्या बाजूनं. दुसरा तर इतका हळू आला होता की एखाद्या म्हाताऱ्यानंही काठीनं अडवला असता. चेंडू आत गेल्यावर आमच्या गोलकीपरचा पाय हलला.

त्या संध्याकाळी हॉटेलात कुणी चहा गोड मानून प्याला नाही. "त्याचं ध्यान न्हाई खेळात," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "चढलंय त्याला. लॉरीवर बसून साहेब झाला." मनातून मीही चिडलो होतो. नऊ वर्षं वाट पाहायची आणि असा गोल खायचा.

पुढच्या गुरुवारी त्याला विचारायचं असं ठरवूनच मी लॉरीत बसलो. मागे पोत्यांवर दहा-बारा माणसं होती, बाजारच्या बाया, त्यांची लेकरं. नाका सोडून तीनेक मैल आलो असू. पुढे आमच्याच दिशेनं एक बैलगाडी चालली होती, रस्त्याच्या डाव्या कडेनं. लॉरी तिच्याकडे सरळ जात होती. मला वाटलं, आता वळवेल, आता वळवेल. वळवलीच नाही. मी ओरडलो तेव्हा त्यानं चाक उजवीकडे ओढलं. लॉरीचं डावं अंग गाडीच्या चाकाला घासत गेलं. बैल उधळून शेतात शिरले. गाडीवान खाली पडला, पण लगेच उठला आणि आम्हाला शिव्या द्यायला लागला. त्याला लागलं नव्हतं.

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, उतरून बैल धरून आणून दिले, गाडीवानाच्या पाया पडला. परत येऊन त्यानं लॉरी सुरू केली. मग इंजिनाच्या आवाजाआड, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "मुनशीजी, डाव्या डोळ्यानं दिसून न्हाई राहिलं."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. आधी धूर दिसायचा. मला वाटलं, भट्टीचा हाय. आता कायच न्हाई. वाशीमच्या डॉक्टरनं पाह्यला. म्हणला, आतली नस सुकून राहिली, इलाज न्हाई. उजवा चांगला हाय म्हणला."

मी त्याच्या डोळ्याकडे पाहिलं. बाहेरून तो अगदी स्वच्छ होता. कुणाला काही कळलं नसतं.

"शेठला सांगितलं?"

"शेठला सांगितलं तं गाडी गेली. गाडी गेली तं मी काय करू? तुमी कुनाला बोलू नका. एवढं ऐका." मग म्हणाला, "तुमी डाव्या बाजूला बसता. तुमी पाहत जा. काय आलं तं सांगत जा."

मी हो म्हणालो. त्या वेळी ते मला काही मोठं वाटलं नाही. मित्राला मदत करायची, इतकंच. त्यानंतरचे पाच गुरुवार आणि पाच शनिवार मी त्याच्या डाव्या अंगाला बसून बोलत राहिलो. "म्हैस हाय." "गाडी हाय पुढं, दाब उजवीकडं." "पूल येऊन राहिला." मागे माणसं गप्पा मारत बसलेली असायची. आठवड्याचे बाकीचे दिवस तो माझ्याशिवाय चालवायचा. त्या दिवसांचा मी विचार करत नव्हतो. आज सांगताना याचं नवल वाटतं, पण खरोखरच करत नव्हतो. मी विचार करत होतो तो सामन्यांचा.

त्या मधल्या काळात एक सामना बरोबरीत सुटला आणि एक आम्ही हरलो. हरलो तो पुन्हा डाव्या बाजूच्या गोलानं. आता शेवटचा सामना उरला, वसमतविरुद्ध, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर परभणी, नाहीतर पुन्हा तिसरे. गावात दुसरा विषय नव्हता. मैदानावर मोठ्यानं गोलकीपरची टर उडवली जायची. तो आपला गोलात वाकून उभा असायचा, मान डावीकडे जरा जास्तच वळवून. का ते एकट्या मला ठाऊक होतं.

संघाचा कॅप्टन शाळेतला ड्रिल मास्तर. मधल्या फळीत खेळायचा. कमी बोलणारा, करडा माणूस. लोक त्याला रोज सांगायचे, गोलकीपर बदला, जिनिंगचा फिटर चांगला अडवतो, त्याला उभं करा. मास्तर म्हणायचा, "सहा वर्षं त्यानं गोल राखला. एका हिवाळ्यानं मी त्याला काढणार न्हाई."

सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, लॉरीत तो मला म्हणाला, "उद्या कसंबी करून अडवतो. उजव्या डोळ्यावर सारं धरून राहिलो." मी म्हणालो, "अडवशील." आणि त्याच वेळी मनाशी म्हणालो, हा नाही अडवू शकणार.

शुक्रवारी सकाळी मी मास्तराच्या घरी गेलो. तो अंगणात पाटावर बसून दाढी करत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डावा डोळा गेला आहे, पोळ्यापासून. डाव्या बाजूचं त्याला काही दिसत नाही. फिटरला घ्या.

मास्तराचा वस्तरा हातातच राहिला. "तुला कधी कळलं?"

"पाच-सहा आठवडे झाले."

"पाच-सहा आठवडे. आणि तू त्याच्या लॉरीत बसतोस."

"मी बाजूला बसून सांगतो त्याला."

"आणि तू नसतोस तवा कोण सांगतं?"

मास्तरानं तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच राहिली होती. तो म्हणाला, "हॉकीचं मागून पाहू. आधी शेठकडं जातो. ती लॉरी उद्या त्याच्या हातात जाता कामा न्हाई."

मी घाबरलो. "मास्तर, त्याची नोकरी जाईल."

"जाईल."

"मी तेवढ्यासाठी न्हाई आलो. मी फक्त मॅचसाठी सांगायला आलो."

मास्तरानं माझ्याकडे पाहिलं. "ते कळलं मला," तो म्हणाला आणि सदरा घालायला आत गेला.

दुपारी मैदानावर फिटर गोलात होता. मी गर्दीत मागे उभा राहिलो. ऊन कलत गेलं तसे वसमतवाले डावीकडून येत राहिले. फिटरनं तीन वेळा चेंडू अडवला, त्यातला एक तर जमिनीवर लोळून. आमच्या पोरांनी उत्तरार्धात एक गोल केला आणि तो शेवटपर्यंत राखला. शिटी झाली तेव्हा लोकांनी फिटरला खांद्यावर घेतलं. माणसं रडत होती. नऊ वर्षं मी ज्या घटकेची वाट पाहिली ती आली होती आणि मी ओरडलोही. माझा आवाज सगळ्यांबरोबर निघाला, हे मला चांगलं आठवतं.

मग मला तो दिसला. गोलाच्या मागे, दोरीपलीकडे, लाल फेटा बांधून उभा होता आणि टाळ्या वाजवत होता. सकाळीच शेठजींनी त्याच्याकडून लॉरीची चावी घेतली होती. तरी तो आला होता. त्यानं मला पाहिलं की नाही, कोण जाणे. मी लोकांच्या आड झालो.

शनिवारी लॉरीवर नवा माणूस होता. मी डावीकडे बसलो. सवयीनं दोनदा तोंडातून निघालं, "गाडी हाय." तो म्हणाला, "दिसून राहिली, साहेब."

परभणीला आम्ही पहिल्याच सामन्यात चार गोलांनी हरलो. मी गेलो होतो. दोघांनी ठरवलेल्या जागीच उतरलो होतो.

खरी शिक्षा पुढं सुरू झाली, आणि ती कौतुकाच्या रूपानं आली. मास्तरानं शेठजींना सांगताना माझं नाव घेतलं होतं. शेठजींनी ते चारचौघांत सांगितलं. एका शुक्रवारी मी हॉटेलात शिरलो तर ते तिथं होते. उठून उभे राहिले. "या कारकुनानं दोस्ती बाजूला ठेवली," ते सगळ्यांना म्हणाले, "आणि किती लोकांचे जीव वाचवले. असा माणूस पाहिजे." लोकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. बाजारची एक म्हातारी, जी त्या लॉरीनं दर आठवड्याला यायची, तिनं रस्त्यात माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी एकदाही म्हणालो नाही की मी जिवांसाठी सांगितलं नव्हतं, वसमतला हरवण्यासाठी सांगितलं होतं. शेठजी बोलले तेव्हा मास्तर हॉटेलातच होता. तो चहा पीत राहिला. त्यानं कधी मला उघडं पाडलं नाही. तो माझ्याशी हॉकीवर मात्र पुन्हा बोलला नाही.

मी मैदानावर जाणं हळूहळू कमी केलं. बायकोच्या ते लक्षात आलं. तिला वाटलं, मी घरात रमायला लागलो. तिला बरं वाटत होतं, म्हणून मी तेही तसंच राहू दिलं.

वर्षभरानं तो ड्रायव्हर एकदा नाक्यावर आला. सोबत दोन बैल होते, वऱ्हाडातून आणलेले. मी दांड्यापाशी उभा होतो. पळून जायला जागा नव्हती. तोच जवळ आला.

"मुनशीजी, बरे हाव ना?"

"बरा आहे. तू?"

"दुसऱ्याचं शेत बटईनं केलं. चालून राहिलं." मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मला समजलं, तुमी सांगितलं ते. पहिले लई राग आला. मंग बसून इचार केला. मागं लेकरं बसायची. एखाद्या दिवशी काय झालं असतं तं? माझ्यानं सांगनं झालं न्हाई, तुमी सांगितलं. बराबर केलं."

खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मागून एक मोटार आली, भोंगा वाजला, मला दांडा उचलावा लागला. मोटार गेली तेव्हा तो बैल हाकलत पुढं गेला होता. मोटार आली नसती तर मी बोललो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. बोललो नसतोच.

त्यानंतर धामधुमीचे दिवस आले. मैदानावर हॉकी बंद पडली. गावं ओस पडत होती, माणसं रातोरात वऱ्हाडात निघून जात होती. नाक्यावर रोज भीती. मग अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या आणि निजामी गेली. आता नाकाही उठणार आणि आमची कुठं तरी बदली होणार, असं बोललं जाऊ लागलं. मला वाटलं, जायच्या आधी एवढं एक काम करावं.

मी चालत त्याच्या तांड्यावर गेलो. तो घराबाहेर दोर वळत बसला होता. फेटा नव्हता. केस पांढरे व्हायला लागले होते. त्यानं मला बसायला बाज टाकली. बायकोला हाक मारून दूध ठेवायला सांगितलं. मी जास्त वेळ न घालवता सांगितलं. त्या सकाळी मी मास्तराकडे का गेलो होतो, काय बोललो, मास्तर काय म्हणाला, सगळं. लोकांच्या जिवाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, हेही सांगितलं.

तो दोर वळायचा थांबला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. मी त्याच तयारीनं गेलो होतो.

"हे आता काहून सांगता?" तो शेवटी म्हणाला.

"मनात राहून गेलं होतं."

"तुमच्या मनातून गेलं. मंग माझ्या मनात काय ठेवू?" त्याचा आवाज चढला नव्हता. "पोरगं इचारते, बाबा, गाडी काहून सोडली. मी सांगतो, मानसाच्या जिवासाठी सोडली. एका दोस्तानं जिवासाठी सांगितलं आन मी उतरलो. सारा तांडा असंच म्हणते. इतके दिवस तेच धरून मी बसलो. आता काय सांगू, मॅचसाठी?"

त्याच्या बायकोनं दूध आणलं. तिनं आमचं बोलणं ऐकलं असेल किंवा नसेलही. तो म्हणाला, "प्या." मी प्यालो. दूध गरम होतं आणि जीभ पोळली, पण मी भांडं खाली ठेवलं नाही, एका दमात संपवलं. तो उठला, वळलेला दोर खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "बैलाला पानी दाखवायचं हाय." आणि विहिरीकडे गेला.

मी थोडा वेळ बाजेवर बसून राहिलो आणि मग उठलो. पुढे लवकरच माझी बदली झाली. नंतर दोनदा कामानिमित्त त्या रस्त्यानं जाणं झालं. मोटार तांड्याच्या वाटेपाशी थांबली, दोन-चार माणसं उतरली. मी आतच बसून राहिलो.